गारठलेल्या अळ्या

माझ्या शिक्षणाबद्दल आमच्या घरात एकच मत आहे: "लोक माश्या मारतात, ही पोसते." मत आईचं असल्यामुळे बाकीच्यांना वेगळं मत नाही.

मी फळमाश्यांच्या अळ्यांवर संशोधन करते. त्यांच्या पेशींच्या केंद्रकात काही प्रथिनं असतात. नव्या आरएनएला धरायचं, त्याची काटछाट करायची आणि बाहेर धाडायचं, हे त्यांचं काम. माझ्या अळ्यांत मी एक जनुक बिघडवलं होतं. त्यांची प्रथिनं साध्या अळ्यांपेक्षा वेगळी वागतील, या आशेवर माझी पीएचडी लटकलेली. पण ती मेली तसूभर वेगळी वागायला तयार नव्हती. शेवटी सर म्हणाले, "या आठवड्यात काही दिसलं तर ठीक. नाहीतर विषय बदल." म्हणजे सगळं पहिल्यापासून.

त्यात अळ्यांना ऊब देणारा लॅबमधला इन्क्युबेटर बंद पडला आणि बाहेर कडाक्याची थंडी. माझ्या अळ्यांची एक आणि साध्या अळ्यांची एक, अशा दोन्ही बाटल्या मी घरी नेऊन कपाटात ठेवल्या आणि सकाळी परत आणल्या.

आल्या आल्या दोन्हींतल्या थोड्या अळ्यांच्या लाळग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाच्या काचांवर घेतल्या. माझ्या अळ्या आधी बघितल्या. एरवी केंद्रकभर विखुरलेली, हिरवी चमकणारी प्रथिनं एका जागी गोळा होऊन बसली होती! दुसरी काच न बघताच मी सरांकडे धावले. सरांनी बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि अख्ख्या लॅबला हाक मारली. लेखाचं शीर्षकही त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

"साध्या अळ्यांत काय दिसतंय?" ताईने विचारलं. ताई म्हणजे माझी सिनियर. दुसऱ्याच्या लग्नात नवऱ्याला त्याचं वय विचारेल अशी बाई.

दुसरी काच लावली. तिथेही तोच गोळा.

सर खुर्चीत बसले. "उष्णता. तापलं की ही प्रथिनं कामधाम सोडून अशीच एका जागी जमतात. हे तर जुनंच आहे. कुठे ठेवल्या होत्यास?"

मी घरी फोन लावला. घाईत स्पीकर चालू झाला.

"अगं, गारठल्या होत्या बिचाऱ्या," आई म्हणाली. "तू आंघोळीला गेलीस तेव्हा शेगडीजवळ ठेवल्या जरा. का गं? मेल्या का?"

"मेले ती मी," असं म्हणून मी फोन ठेवला. सगळी लॅब हसत होती. आईचा असा राग आला होता की बस्स.

दुपारी बाटल्या रिकाम्या करायला घेतल्या. ताई म्हणाली, "टाकण्याआधी बघून तरी घे, निवल्या का." उरलेल्या अळ्यांच्या ग्रंथी नव्याने काढल्या आणि या वेळी मी दोन्ही काचा बघितल्या. साध्या अळ्यांची प्रथिनं निमूट आपापल्या कामावर परतली होती. माझ्या अळ्यांची मात्र अजून तिथेच ठाण मांडून बसलेली.

सर बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. "म्हणजे प्रथिनांना गोळा व्हायला तुझं जनुक लागत नाही, परत फिरायला मात्र तेच लागतं," ते म्हणाले. "पुन्हा करून बघायला हवं. पण विषय हाच ठेव."

मी आईला फोन केला.

"म्हणजे इतकी वर्षं तुला जमलं नाही, ते मी शेगडीवर केलं?"

"हो."

आता जन्मभर ऐकावं लागणार, असं मला वाटलं. पण ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "मग आता विषय बदलायला नको ना गं?"

मी हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. "तुला कसं कळलं?"

"रोज झोपेत तेच बडबडतेस. थंडीने त्या मेल्या असत्या तर तू काय केलं असतंस, या काळजीने सकाळी उठून बघायला गेले."

मी लॅबमध्ये सगळ्यांसमोर रडले. ताईने मला टिश्यू पेपर दिला, काचा पुसायचा.