मनगटातलं नाव

“माई, तोंड उघडू नकोस. तुझी नाडीच बोलेल!”

स्पर्शानंद महाराजांनी डोळे अर्धवट मिटून कुसाबाईंचं मनगट धरलं, तसा पंचवटीतला तो हॉल चिडीचूप झाला. पार जिन्यापर्यंत माणसं दाटली होती.

“आजार?... नाही. कोणी गेलं?... गेलं नाही, हरवलंय. नवरा? भाऊ? मुलगा!... मुलगा हरवलाय तुझा!”

कुसाबाईंनी हंबरडा फोडला. महाराजांचा जयजयकार झाला. मागे उभ्या असलेल्या मनीषाच्या अंगावरही काटा आला. हरवलेला योगेश तिचा नवरा होता.

मखमलाबादच्या मळ्यात झेंडूच्या वाफ्याशी तो तासन्‌तास नुसता बसून राही. डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या दिल्या होत्या. “त्या गोळ्यांनीच पोरगं खुळं झालं,” म्हणत कुसाबाईंनी त्या बंद करायला लावल्या. मग एका सकाळी फोन उशाशी ठेवून तो निघून गेला. मनीषा पोलिसांत जायला निघाली, तर सासूनं दार अडवलं. “गावात शोभा नको. अन् सायलीला कळवशील तर माझं मेलेलं तोंड बघशील.” सायली म्हणजे मनीषाची मोठी नणंद. ती तडक चौकी गाठेल, हे कुसाबाईंना ठाऊक होतं. फोटो घेऊन मनीषा एकटीच बसस्टँडवर, घाटावर वणवण फिरली. प्रत्येक पाठमोऱ्या माणसात तिला योगेश दिसायचा.

“आता कोणामुळे गेला ते पाहू,” कुसाबाईंचं मनगट न सोडता महाराज म्हणाले. “भाऊबंद? मित्र? शेजारी? सून?... सून! घरच्या लक्ष्मीनंच घराबाहेर काढलाय त्याला. पोलिसांची पावलं घरात पडू देऊ नका, नाहीतर नाडी मुकी होईल!”

साऱ्या माना मनीषाकडे वळल्या. घरी पोचताच कुसाबाईंनी तिची पिशवी अंगणात फेकली. “माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नको!”

रस्त्यावर उभं राहून मनीषानं सासूची शपथ मोडली आणि सायलीला फोन लावला. नुसतं “ताई...” एवढंच तिच्या तोंडून फुटलं.

सायली इंदिरानगरात राहायची आणि कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. ती रिक्षानं आली, मनीषाला घेऊन आधी चौकीत गेली आणि योगेश बेपत्ता असल्याची तक्रार दिली. हवालदारानं विचारलं, “इतके दिवस कुठं होता तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी कुसाबाई पुन्हा महाराजांकडे गेल्या, तेव्हा सायली त्या हॉलमध्ये आईच्या शेजारी जाऊन बसली; मनीषा दाराशी उभी राहिली. पाळी आल्यावर तिनं हात पुढे केला.

“पैसा? आजार? मूल?...”

सायलीनं श्वास रोखला, मनगट ताठ केलं.

“मूल! मुलगा? मुलगी?... मुलगी! आग? अपघात? पाणी?...” सायलीची बोटं आवळली. महाराज गरजले, “अरेरे! तुझी मुलगी पाण्यात गेली, बेटी!”

गर्दी हळहळली. सायली शांतपणे म्हणाली, “महाराज, मला मूलबाळच नाही. माझी आई इथंच बसलीय, विचारा तिला.”

क्षणभर महाराजांची नाडीच मुकी झाली. मग ते म्हणाले, “मागच्या जन्मीची मुलगी ती!”

कोणीतरी फिसकन हसलं. कोणी ओरडलं, “हिनं नाडी बाटवली!”

“नाडी वगैरे काही नाही,” सायली म्हणाली. “नेमका शब्द कानावर पडला की आपला श्वास अडकतो, हात ताठरतो. महाराज दहा शब्द टाकतात आणि ज्या शब्दाला अंग हो म्हणेल, तो उचलतात. माझ्या शाळेतली मुलं ऐकू न येताही माणसांचे खांदे, भुवया बघून घरात भांडण झालंय हे ओळखतात. कोणी त्यांच्या पाया पडत नाही. मी अंगानं खोटं बोलले, तर महाराज तोंडानं खोटं बोलले!”

कुसाबाईंनी विचारलं, “मग... सुनेचं कसं कळलं त्यांना?”

“ते तुझ्याच मनात होतं, आई. तुझ्या हातानं सांगितलं.”

कुसाबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मनीषाला जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. योगेश अजून सापडला नव्हता.

संध्याकाळी चौकीतून फोन आला. योगेश सापडला, सरकारी दवाखान्यात, ‘अनोळखी’ म्हणून. घर सोडलं त्याच दिवशी देवळाली कॅम्पच्या रस्त्यावर त्याला गाडीनं उडवलं होतं. शुद्धीवर आल्यावरही तो नाव सांगत नव्हता.

“दवाखान्यानं तेव्हाच कळवलं होतं,” हवालदार म्हणाला. “पण तुमची तक्रारच नव्हती, तर जुळवणार कशाशी?”

तिघी दवाखान्यात पोचल्या. योगेशचा एक पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. मनीषानं हाक मारली, तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो रडला. कुसाबाई खाटेजवळ जाऊ धजेनात. शेवटी मनीषानंच त्यांना हाताला धरून पुढे आणलं. त्या दिवसापासून गोळ्या देण्याचं काम कुसाबाईंनी स्वतःकडे घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्या पंचवटीत गेल्या. महाराजांच्या जिन्याखाली फोटो छातीशी धरलेली एक बाई उभी होती. कुसाबाई तिला आडव्या गेल्या.

“वर जाऊ नको, बाई. तुझं दुःख तुझ्या अंगावर दिसतंय, ते कोणीबी वाचील. वाचणारा देव नसतो. माणूस हरवलाय ना? आधी चौकीत जा. दवाखाने बघ. लय उशीर केला मी. तू नको करू.”