बारा मिनिटांचं सिमेंट

मिस्त्री पडले ते बांधकामाच्या परांचीवरून नाही, पायपुसण्यावरून. जन्मभर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर भिंती उचलणारा माणूस घरात अडखळला आणि खुबा मोडून बसला. आता काय म्हणावं!

डॉक्टरबाईंनी बायकोला समजावलं. खुब्याच्या हाडाचा मोडलेला गोळा काढून धातूचा बसवायचा. तो हाडात नुसता ठोकून बसवता येतो, नाहीतर सिमेंट भरून. सिमेंटनं पहिल्या दिवशी हृदयाला थोडा जास्त धोका. तो दिवस निभावला की सांधा पक्का, चालताना दुखतंही कमी.

"सिमेंटच," मिस्त्री खाटेवरून म्हणाले. "नुसत्या ठोकलेल्या खुंटीचा मला भरवसा नाही."

पहिला दिवस निभावला, बायकोच्या जिवात जीव आला. पण दुसऱ्या सकाळी व्यायाम करून घेणारी मुलगी वॉकर घेऊन आली, तशी मिस्त्रींनी चादर घट्ट धरली. "एकवीस दिवस हलणार नाही. कच्च्या कामावर भार टाकत नसतात."

"बाबा, हे सिमेंट बारा मिनिटांत घट्ट होतं."

"बारा मिनिटांत? मग नक्की भेसळ आहे."

हट्टात त्यांचा हात कोण धरणार! तिसऱ्या दिवशी छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरबाईंनी बायकोला बाहेर बोलावलं. "सिमेंटचा धोका टळलाय. पण असेच पडून राहिले, तर छाती भरून हातचे जातील."

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षं तिनं नवऱ्याच्या हाताखाली माल कालवला होता, स्लॅबवर पाणी मारलं होतं. स्लॅबखालच्या आधाराच्या फळ्या कधी काढायच्या, ते मिस्त्री तिलाच विचारत. ती बोटानं स्लॅब वाजवून, कान लावून सांगायची. एकदाही चुकली नव्हती.

ती आत गेली. चादर सारून तिनं पट्टीशेजारी हलकेच बोट वाजवलं, पट्टीवर कान टेकवला. स्वतःच्या काळजाच्या धडधडीशिवाय तिला काहीच ऐकू आलं नाही.

"काय म्हणतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"घट्ट झालंय. काढा फळ्या."

मिस्त्रींनी निमूट पाय खाली सोडले. वॉकर धरून उभे राहिले, लटपटले, एक पाऊल टाकलं, मग दुसरं. बायको मागून दोन्ही हात पसरून चालली होती. खिडकीपाशी ते दम खायला थांबले.

"एवढ्या कापसातून काय कपाळ ऐकू आलं तुला?"

"मग उठलात कशाला?"

"तुझं बोट कापत होतं. म्हटलं, एवढ्या वर्षांत ही कधी घाबरली नाही. आता उठलेलं बरं."

बायकोनं पदर डोळ्यांना लावला. "चला, आता दारापर्यंत," ती म्हणाली.