दोर पकडायचा नाही

आमच्या ह्यांना कानाचा आजार झाला आणि होडीवर दोघांच्या जागी मी एकटीच उरले. आजार म्हणजे दुखत-खुपत काही नाही, नुसती चक्कर येते. एरवी माणूस ठणठणीत, पण पायाखालचं जरा हललं की सगळं जग गरगरायला लागतं. डॉक्टरांनी होडी कायमची बंद केली, वर लिफ्टसुद्धा जपून वापरा म्हणाले. हे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलेले! मला तिथेच हसू फुटलं आणि ह्यांनी त्या दिवशी माझ्याशी अबोला धरला.

होडीला आम्ही म्हातारी म्हणतो. दोन शिडांची, लहानशी, इंजिन नसलेली. आमच्या लग्नाच्या आधीची आहे आणि माझ्यापेक्षा चांगली टिकली आहे. लेक म्हणाली, ‘‘आई, आता विकून टाक. गिऱ्हाईकही आलंय.’’ गिऱ्हाईक म्हणजे एक हॉटेलवाला. त्याला ती बागेत उभी करून तिच्यात गुलाब लावायचे होते.

‘‘माझ्या म्हातारीच्या पोटात शेणखत?’’ मी म्हटलं. ‘‘मी चालवीन तिला. एकटी.’’

बोलून तर गेले. पण आमच्या बंदरात एकट्यानं होडी न्यायची तर बंदराच्या साहेबांची परवानगी लागते. त्यांच्या डोळ्यांदेखत एकटीनं बाहेर जायचं, एकटीनं परत यायचं, आणि धक्क्यावरच्या कुणीही दोराला हात लावायचा नाही. नाही जमलं तर परवानगी नाही. मग म्हातारी जाणार गुलाबांकडे. मला ती हवी होती. दुकानात दिवसभर लोकांचे पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवून डोकं भणभणलं की मी तिच्याकडेच जायचे.

आता ह्यांची गंमत बघा. मला वाटलं होतं, हे रुसून बसतील. तर दुसऱ्याच दिवशी हत्यारांची पेटी घेऊन धक्क्यावर हजर. होडी बांधलेली असली की थोडा वेळ त्यांना सोसायचं. चक्कर आली की धक्क्यावर आडवे पडायचे आणि तिथून हुकूम सोडायचे.

म्हातारीची रचना दोन माणसांची. एकानं मागे सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं डोलकाठीपाशी जाऊन शिडं चढवायची. ह्यांनी काठीच्या बुंध्याशी कप्प्या बसवल्या आणि सगळे दोर वळवून थेट माझ्या बैठकीपाशी आणले. सगळा जन्म लिफ्टच्या दोरा-कप्प्यांतच गेलेला माणूस. एक दोर दुसऱ्याला घासेल तर शपथ. सुकाणूला रबरी दोराचा फास केला, म्हणजे मला क्षणभर हात सोडता यावा. मी शिडाचे कोपरे दुहेरी शिवले आणि दोरांची टोकं पायात येऊ नयेत म्हणून बैठकीला खिसे लावले.

कमरेच्या पट्ट्यावरून मात्र आमची जुंपली. तो पट्टा होडीला अडकवूनच फिरायचं, असं ह्यांचं म्हणणं.

‘‘मी काय शेळी आहे दावणीला बांधायला?’’

‘‘शेळी पाण्यात पडली तर निदान ओरडते. तू पडलीस तरी कबूल करणार नाहीस.’’

पट्टा आला. मागे शिडी आली, आणि पाण्यातून ओढली की ती खाली यावी म्हणून तिला एक लोंबता दोर आला. तो चालतो का हे बघायला मला अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरवलं. मी धापा टाकत वर आले तर हे धक्क्यावर पडल्या पडल्या टाळ्या वाजवत होते.

सगळ्यात शेवटी होडीच्या बरोब्बर मध्यावर एक जाड दोर लावला. एकट्या माणसाला धक्क्याला लागताना पुढचा आणि मागचा असे दोन दोर एकदम टाकता येत नाहीत. मधला एकच धक्क्यावरच्या खुंट्यात अडकवला आणि ओढून धरला, की होडी मुकाट्यानं बाजूला टेकते. त्याचा स्क्रू आवळताना हे म्हणाले, ‘‘स्वतःच्या हातानं स्वतःला कामावरून काढतोय बघ मी.’’ म्हणाले हसतच, पण मग हातातलाच पाना बराच वेळ शोधत राहिले. मला वाईट वाटलं. मी नुसतं पान्याकडे बोट दाखवलं.

परीक्षेच्या दिवशी सगळं लोण्यासारखं झालं. बाहेर गेले, बंदराच्या तोंडाशी तरंगणाऱ्या लाल पिंपाला वळसा घातला, परत आले. मधला दोर हातात घेतला, वेग मरावा म्हणून शीड ढिलं सोडलं, खुंटा हाताच्या टप्प्यात आला. आणि आमचे हे खाली वाकले, माझ्या हातातला दोर घेतला, खुंट्याला दोन पीळ दिले आणि म्हणाले, ‘‘आलीस गं!’’

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

हे हातातल्या दोराकडे असे बघत होते, जसा काही तो कुणी त्यांच्या हातात कोंबला होता. मी धक्क्यावर उभी राहून त्यांचा जो उद्धार केला, तो शेजारच्या बोटीवाल्यांनी काम थांबवून ऐकला. ‘‘हात आपोआप गेले गं,’’ एवढंच ते म्हणाले. साहेब भले माणूस. ‘‘रविवारी पुन्हा या,’’ म्हणाले, ‘‘पण त्यानंतर नाही.’’

घरी मोठी खलबतं झाली. ह्यांना घरी कोंडायचं ठरलं, तर त्यांचं तोंड इतकंसं झालं. ‘‘दोर मी बसवलेत. मीच बघू नको?’’ हात खिशात घालतो म्हणाले, पण त्या हातांवर आता कुणाचाच भरवसा नव्हता. शेवटी लेकीनं तोडगा काढला. रविवारी तिनं आपलं तान्हं बाळ धक्क्यावर त्यांच्या हातांत दिलं. ‘‘बाबा, आई धक्क्याला लागेपर्यंत हिला कुणाकडे द्यायचं नाही.’’

त्या दिवशी वारा नेमका धक्क्याकडून समुद्राकडे सुटलेला. जाताना मजेत गेले. येताना शीड जरा लवकर सोडलं आणि म्हातारीचा वेग धक्क्याच्या अलीकडेच मेला. दोर फेकला, तो खुंट्याला घासून पाण्यात पडला. वारा आम्हाला मागे ढकलायला लागला. मी वर बघितलं. हे अगदी कडेला उभे, सगळं अंग माझ्याकडे झुकलेलं, आणि छातीशी नात. त्यांच्या पायाशीच दोर तरंगत होता. मला वाटलं, मारावी उडी आणि धरावा धक्का. पण उडी मारली तर मी धक्क्यावर आणि होडी समुद्रात. सुकाणू धरायला मागे कुणी नव्हतं.

मी दोर आत ओढला, सुकाणू वळवलं आणि परत बाहेर निघाले.

दुसऱ्या खेपेला शीड सोडायची घाई केली नाही. धक्का अंगावर येतोय असं वाटेपर्यंत दम धरला, मग सोडलं. दोर खुंट्यात बसला. मी सगळं वजन टाकून ओढला आणि म्हातारी कुरकुरत येऊन टेकली. कुणीही हात लावला नाही. मी आनंदानं एवढ्या मोठ्यानं ओरडले की नात दचकून रडायला लागली.

साहेब सही करत म्हणाले, ‘‘पहिल्या फटक्यात लागला असता, तर मी आणखी एक चक्कर मारून धक्क्यापासून मागे फिरायला लावणार होतो. एकट्या माणसाला माघार घेता येते का, तेच मला बघायचं असतं.’’

मी धक्क्यावर चढले. हे अजून जागचे हलले नव्हते.

‘‘बघितलंस माझ्याकडे,’’ ते म्हणाले. ‘‘पण हाक नाही मारलीस.’’

‘‘मारली असती तर पोरीला टाकून आला असतात.’’

‘‘आलो असतो.’’

‘‘बाबा!’’ लेक किंचाळली.

ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. हातांत नात, डोळे पुसणार कसे? मी माझ्या ओल्या, खारट हातांनी पुसायला गेले, तर मीठ जाऊन ते आणखीच वाहायला लागले. ‘‘राहू दे गं,’’ ते म्हणाले, ‘‘वाहू दे.’’ मग मी पुसायचं सोडून दिलं आणि तिथेच, साहेबांच्या समोर, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मीही रडून घेतलं.