बटणावरचं कुंकू

खरं सांगते, त्या सकाळी कम्प्युटर चालू झाला नाय तेव्हा मला आधी बरंच वाटलं. दुकान आमचं, नुकसान आमचं, पैठणच्या पार्टीच्या लग्नपत्रिका दुपारपर्यंत द्यायच्या होत्या, सगळं कळत होतं मला. तरी स्वरदा बटण दाबतीय, आतला पंखा घर्र करून फिरतोय आणि लगेच गप पडतोय, हे बघून जिवाला थंडावा मिळाला. म्हटलं, बघू आता बाईसाहेब काय करतात.

स्वरदा म्हणजे आमची डिझायनर. औरंगपुऱ्यात आमचं पत्रिका छापायचं दुकान आहे, तिथं ती तीन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला कामाला लागली. वागायला गोड, बोलायला हळू, आणि तेच माझ्या डोळ्यात खुपतं. काही वाकडं बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. आमच्या ह्यांचं, म्हणजे विश्वजीतरावांचं, तर उठता-बसता स्वरदा. गणपती कोणता टाकायचा, स्वरदाला विचारा. कागद कुठनं मागवायचा, स्वरदाला विचारा. एकदा घरी जेवताना मी विचारलं, वरणात मीठ कमी झालंय का? मोबाइलमधनं मान वर न काढता म्हणाले, स्वरदाला विचार. मी ताटावरून उठले. आपण काय बोललो ते ह्यांना कळलंसुद्धा नाय.

मी पिशोर गावची. बारावीनंतर कम्प्युटरचा कोर्स केलाय, मराठी टायपिंग येतं मला. पण दुकानात माझं काम काय, तर पत्रिकांना घड्या घालायच्या आणि गठ्ठे बांधायचे. कम्प्युटरच्या मशीनजवळ गेले की हे लांबूनच म्हणतात, राहू दे, काहीतरी होईल. वर्षातनं एकच दिवस ते मशीन माझं असतं, दसऱ्याला. दुकानाची पूजा मालकिणीनंच करायची, हा सासूबाईंपासूनचा रिवाज. मी हळद-कुंकू लावते, झेंडूचा हार घालते, आपट्याचं पान ठेवते आणि स्वरदा माझ्या मागं हात जोडून उभी राहते. एवढाच काय तो माझा मान.

यंदा तर मी लई मन लावून केलं. कुंकू पाण्यात घट्ट कालवलं आणि मशीन चालू करायच्या बटणावरच ठसठशीत टिळा लावला. वर अक्षता दाबून बसवल्या. रोज जिथं तिचं बोट पडतं ना, बरोबर तिथं. मुद्दाम. दसऱ्याला मशीन बंदच ठेवतो आम्ही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे असं.

स्वरदानं प्लग दुसरीकडं लावून बघितला. मग मागचा खटका बंद करून परत लावला. दिवा लागला, पंखा फिरला आणि पुन्हा सगळं गप. हे कपाळाला हात लावून बसलेले. तिनं कम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली, आतली धूळ झटकली आणि रॅमची पट्टी काढून हातात घेतली. ती खोडरबरनं घासायची असते म्हणे. ह्यांनी लगेच मला खोडरबर आणायला पिटाळलं. मी समोरच्या दुकानातनं घेऊन आले तर हे मोबाइलची बॅटरी धरून तिच्या शेजारी वाकून उभे. घरी लाइट गेल्यावर मी चाचपडत पोळ्या करते तेव्हा ह्या माणसानं कधी बॅटरी धरली नाय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पट्टी घासून बसवली. तरी तेच. मी गठ्ठे बांधायचं सोंग करत मनात म्हणत होते, नकोच होऊ दे चालू. पार्टी गेली तर जाऊ दे. पण एकदा तरी ह्यांच्या तोंडून निघू दे, की स्वरदाला जमलं नाय.

तेवढ्यात पैठणहून फोन आला आणि हे बोलत बोलत दाराबाहेर गेले. स्वरदा मशीनसमोर खाली बसली. बटणावरनं बोट फिरवलं, वाकून बघितलं, मग माझ्याकडं वळून म्हणाली, वहिनी, बांगडीतली पिन देता का? मी दिली. तिनं बटणाच्या कडेनं पिन फिरवली तशा वाळलेल्या कुंकवाच्या खपल्या पडल्या, आणि फटीतनं तांदळाचा एक लाल दाणा बाहेर आला. बटण टक् करून वर आलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बटण आतच रुतून बसलं होतं. कुणीतरी दाबूनच धरल्यासारखं, आणि बटण दाबून धरलं की कम्प्युटर बंद पडतो. म्हणून मशीन चालू व्हायचं आणि आपोआप बंद पडायचं. टिळा माझा, अक्षता माझ्या.

स्वरदा माझ्याकडं बघून हसली नाय. दाणा मुठीत घेतला, ओढणीनं बटण पुसलं आणि दाबलं. स्क्रीन लागली. हे धावतच आत आले, काय झालं होतं विचारायला.

"काही नाही सर," ती म्हणाली, "आतली वायर सैल झाली होती."

हे माझ्याकडं वळून म्हणाले, ही नसती तर आज आपलं अवघड होतं. व्हय, अवघडच होतं. मी गप राहिले असते तर निभावून गेलं असतं. पण रोज तिचं ते गोड तोंड बघायचं आणि मनात म्हणायचं की हिनं मला पाठीशी घातलं? ह्यांच्या शिव्या खाईन मी, तिचे उपकार नाय घेणार.

"वायर नाय," मी म्हणाले. "बटणात माझ्या पूजेच्या अक्षता अडकल्या होत्या. ही खोटं बोलतीय."

वाटलं, आता हे खवळतील. माझ्यावर, नाहीतर खोटं बोलली म्हणून तिच्यावर तरी. हे आम्हा दोघींकडं बघून मोठ्यानं हसायला लागले. मशीन चालू झालं होतं ना, राग कशाला येईल?

"जाऊ दे," म्हणाले. "पुढच्या दसऱ्याला पूजा स्वरदालाच करू दे. मशीनला कुठं हात लावायचा ते तिला कळतं."

मी तिच्याकडं बघितलं. म्हटलं, आता तरी ही म्हणेल, नाही सर, तो मान वहिनींचा. माझ्यासाठी एवढं खोटं बोलली, तर एवढं खरं बोलायला काय जातंय हिचं?

तिनं पिन माझ्या हातात ठेवली, खुर्ची पुढं ओढली आणि पत्रिकेची फाइल उघडत म्हणाली, "चालेल, सर."