मागच्या पंखांवरचा पट्टा

आमच्या घरात माणसं कमी आणि टाचणीला टोचलेले पतंग जास्त. सासऱ्यांचा तो आयुष्यभराचा उद्योग. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून पेट्या साफ करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'सून आणायला गेलो, मदतनीस मिळाली,' असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मीही हसून घेई.

एका पेटीला मात्र हात लावायची मुभा नव्हती. तिच्यात एकच पतंग होता. माझी नणंद आजारपणात अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिनं तो खिडकीच्या जाळीवर पकडलेला. ती गेली. पुढे बऱ्याच दिवसांनी सासऱ्यांना त्याच्या मागच्या पंखांवर काळसर पट्टा दिसला. असा पट्टा त्या जातीच्या पतंगांना नसतोच. म्हणजे जात नवी! तिला लेकीचं नाव द्यायचं त्यांनी पक्कं केलं. संग्रहालयानं पतंग तपासायला मागवला, तेव्हा ती पेटी माझ्यापुढे आली.

"बुरशी धरलीय. धुऊन दे."

मी पेटी उजेडात धरून पट्टा निरखला. जुन्या पतंगाच्या अंगातली चरबी पाझरते आणि पंखांवर डाग पडतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या पतंगावर तो डाग त्यांनी लांबूनच ओळखला असता.

"बाबा, राहू दे ना तसाच."

"मळका पाठवू? लोक तोंडात शेण घालतील."

"आणि पट्टा गेला तर?"

"रंग आहे तो, जाईल कसा?" ते खेकसले. "धू मुकाट्यानं."

मी पतंग बुरशी धुवायच्या द्रावणात सोडला; त्यात चरबीही विरघळते. द्रावण पिवळट झालं. वाळल्यावर मागचे पंख पांढुरके, स्वच्छ निघाले. कुठल्याही दिव्याखाली मरून पडतो, तोच पतंग.

मला त्यांचा राग आला होता, पण त्यांचा चेहरा पाहून तो टिकेना. "माझंच चुकलं, जास्त वेळ ठेवला," असं मी खोटंच बोलून पाहिलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"तिनं दाखवला ना, तेव्हा मी मानही वर केली नव्हती. म्हटलं, साधाच आहे, सोडून दे. ती म्हणत राहिली, नाही बाबा, हा वेगळा आहे. पट्टा दिसला तेव्हा वाटलं, पोरगी बरोबर होती."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मीच बरोबर होतो गं," ते म्हणाले आणि हमसून हमसून रडायला लागले.