खात्याचं नाव

दोन्ही जावा मिळून नकाशे करायच्या. घराच्या खालच्या मजल्यावर पूर्वी गाडी लावायची जागा होती. गाडी विकल्यावर तिथे एक लांब टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकवून ठेवलेली मोजणीची काठी असा संसार मांडला गेला. थोरली रस्त्यावर आणि धाकटी खुर्चीत, अशी कामाची वाटणी होती. थोरली काठी घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून हिंडायची आणि विजेचे खांब, झाडं, पाण्याचे व्हॉल्व्ह, जे कुणी मोजून मागेल त्याची जागा काठीवरच्या यंत्रात टिपून आणायची. धाकटी ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आणि त्याचा नकाशा करायची.

सॉफ्टवेअर फुकटातलं होतं. जगभरातल्या जाणत्या आणि हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, कुणीही घ्या, कुणीही वापरा असं. फुकटच्या वस्तूवर धंदा उभा करू नये, असं धाकटीच्या नवऱ्याचं म्हणणं होतं. पण त्याचं स्वतःचं दुकान चपलांचं होतं, त्यामुळे नकाशांच्या बाबतीत त्याचं कुणी मनावर घेत नसे.

त्या आठवड्यात काम होतं झाकणांचं. एका मोठ्या वसाहतीतल्या रस्त्यांवर नवं डांबर पडायचं होतं आणि त्याआधी गटारांच्या प्रत्येक चेंबरचं झाकण नकाशावर हवं होतं. नाहीतर डांबराखाली झाकण गेलं की गेलंच. पुढे तुंबलं म्हणजे सगळा रस्ता उकरत बसा. थोरलीने उन्हातान्हात फिरून एकूण एक झाकण मोजून आणलं होतं. उरलं होतं ते धाकटीचं काम.

गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केल्याबरोबर सॉफ्टवेअरने विचारलं, नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का? धाकटी एका हाताने केस बांधत होती. दुसऱ्या हाताने तिने ‘हो’ म्हटलं.

नवी आवृत्ती उघडली, दिसायलाही छान होती. फक्त नकाशा नव्हता. डाव्या बाजूला रस्ते, घरं, झाकणं अशी यादी जशीच्या तशी होती, आकड्यांचा तक्ता उघडत होता, पण मधला भाग पांढराफटक. खूप शोधल्यावर तिला कोपऱ्यात एक ठिपका दिसला. तो मोठा करून पाहिला तर अख्ख्या वसाहतीची झाकणं एकावर एक चढून तिथे बसली होती.

थोरली दाराशी बूट चढवत होती. तिने वाकून पाहिलं.

“हे काय?”

“अपडेट केलं, वहिनी.”

“चालत्या गाड्याला खीळ कशाला घातलीस?”

“त्यानंच विचारलं, घेऊ का म्हणून.”

“कुणीही विचारलं की हो म्हणायचं असतं का? लाव फोन त्या कंपनीला.”

“कंपनी नाहीये. लोकांनी मिळून केलेलं आहे ते.”

“मग ओरडायचं कुणावर?”

“कुणावरच नाही.”

थोरलीने यावर थोडा विचार केला. “हे काही बरं नाही,” असं म्हणून ती काठी घेऊन दुसऱ्या कामावर निघून गेली.

धाकटीने दिवसभर जे सुचेल ते केलं. पृथ्वी गोल आणि कागद सपाट. गोलावरची जागा सपाटीवर कशी उतरवायची याची सूत्रं एका फाइलमध्ये असतात, आणि ती फाइल सापडत नाही अशी सॉफ्टवेअरची तक्रार होती. फाइल तर जागच्या जागी होती. धाकटीला ती डोळ्यांनी दिसत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा सगळा प्रकार. तिने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. सगळी सेटिंग्ज पुसली. मग जुनी आवृत्ती परत आणली, तर थोरलीच्या यंत्रातून मोजमापं उतरवून घेणारा जोडीचा प्रोग्राम मधल्यामध्ये आपला आपणच नवा होऊन बसला होता आणि जुन्या आवृत्तीला ओळख द्यायला तयार नव्हता. तिने पुन्हा नवी टाकली. पुन्हा पांढरं.

दुपारी डांबराच्या मुकादमाचा फोन आला.

“ताई, नकाशा कधी देताय?”

“उद्या. थोडी अडचण आलीये.”

“अडचण तुमची तुम्ही बघा. सोमवारी रोलर फिरणार म्हणजे फिरणार. झाकण कुठंय ते रोलरला कळत नाही.”

शेवटी धाकटीने हात टेकले आणि सॉफ्टवेअरच्या फोरमवर आपलं गाऱ्हाणं लिहिलं. तिथे सगळा कारभार इंग्रजीत चालायचा. तिचं इंग्रजी कामापुरतं होतं, पण चुकीचं काय झालंय ते सांगायला फार भाषा लागत नाही. तासाभराने एकाचं उत्तर आलं. त्याच्या नावाशेजारी घुबडाचं चित्र होतं. उत्तर एका ओळीचं: माझ्याकडे व्यवस्थित चालतंय.

तिला राग आला. माझ्याकडे चालत नाहीये म्हणूनच लिहिलंय, असं तिने लिहिलं आणि पाठवून दिल्यावर आपण जरा जास्तच बोललो असं तिला वाटलं. पण घुबडाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. सॉफ्टवेअर सुरू होताना काय काय करतं याची नोंद पाठवा, असं त्याने सांगितलं आणि ती कुठे मिळेल तेही पायरीपायरीने समजावलं. तिने ती पाठवली.

शुक्रवारी सकाळी उत्तर येऊन पडलं होतं. तुमच्या नोंदीत एका ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं आली आहेत, त्याने लिहिलं होतं. तिथे तुमच्या कॉम्प्युटरच्या खात्याचं नाव असायला हवं. ते नाव तुम्ही इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाही, बरोबर? नवी आवृत्ती त्या अक्षरांना अडखळते आणि पुढे जातच नाही, अशी मला शंका आहे. इंग्रजी अक्षरांत नवं खातं उघडून पाहा. तुमचं काम तरी सुटेल. चूक आमचीच आहे, ती मी शोधतो. पण ते नाव नेमकं काय आहे ते मला कळवा.

धाकटीने ते दोनदा वाचलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

खात्याचं नाव होतं ‘ठोंबी’.

कॉम्प्युटर घरात आला तेव्हा थोरल्या भावाने, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने, तो जोडून दिला होता. बायकोला शिकवायचं म्हणून दोन संध्याकाळी तो तिला घेऊन बसला. तिच्या हातून माउस टेबलावरून घसरायचा, खिडक्या नको तेव्हा बंद व्हायच्या, आणि तो पोट धरून हसायचा. मनाने माणूस वाईट नव्हता; विमा कंपनीत नोकरीला होता आणि घरात विनोद करणारा तो एकटाच होता. तिसऱ्या संध्याकाळी ‘मला मोजणीच बरी’ म्हणून थोरली उठली ती पुन्हा त्या खुर्चीत बसली नाही. खात्याचं नाव तेवढं राहिलं.

धाकटी लग्न होऊन आली आणि टेबलाचा ताबा तिच्याकडे आला. पहिल्या दिवशी ते नाव पाहून तिला कसंसंच झालं होतं. नंतर सवय झाली. रोज सकाळी ‘ठोंबी’वर बोट दाबायचं आणि कामाला लागायचं. थोरली दारातून आत येताना दिसली की ती त्या पहिल्या पडद्यावरून घाईने पुढे जायची, एवढंच. नाव बदलावं असं मात्र तिला एकदाही सुचलं नव्हतं. का सुचलं नव्हतं, याचं उत्तर आता बसल्या बसल्या तिला देता येईना.

नवं खातं गुपचूप उघडून मोकळं व्हावं, असा तिचा विचार ठरत आला होता. तेवढ्यात थोरली परत आली. काठी भिंतीला लावून ती बाटलीभर पाणी प्यायली.

“कळलं का काही?”

“कळलं. नावामुळे झालंय.”

“कुणाच्या नावामुळे?”

“खात्याच्या. आपल्या अक्षरांत आहे ना ते. नव्या आवृत्तीला वाचता येत नाही.”

“बरं,” थोरली म्हणाली. तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. “म्हणजे ठोंबी तिला वाचता आली नाही.”

धाकटीचा चेहरा उतरला. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“अगं, मला कॉम्प्युटर येत नाही. वाचता येतं.”

“मला वाटलं…”

“मी आत आले की तू घाई करायचीस. मलाही वाटायचं, पोरीची अडचण कशाला करा. मग मीच जरा दारात खोकून आत यायला लागले.”

धाकटीला तो खोकला आठवला. धुळीत हिंडून होत असेल, असं समजून तिने एकदा थोरलीला मधही आणून दिला होता.

“मी बदलायला हवं होतं, वहिनी.”

“मीही म्हणायला हवं होतं. जाऊ दे. आता बदलायचंच आहे ना?”

त्याच वेळी थोरला जिना उतरून खाली आला. त्या दिवशी त्याला अर्धी सुट्टी होती आणि त्याला एका कागदाची प्रत काढून हवी होती. दोघींचे चेहरे पाहून त्याने विचारलं, “काय, बिघडलाय वाटतं?”

“तुम्ही ठेवलेलं नाव चालत नाहीये,” थोरली म्हणाली.

त्याला आठवायला वेळ लागला. मग तो हसला. “ठोंबी? अजून आहे ते? अगं, गंमत होती ती!”

“हो,” थोरली म्हणाली. “गंमत होती.”

तिचा आवाज चढला नव्हता. तरीही थोरल्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्याने आधी बायकोकडे पाहिलं आणि मग धाकटीकडे. ती की-बोर्डकडे पाहत होती. “मला आधी सांगायचं नाही का?” तो म्हणाला.

“तुम्ही पुन्हा हसला असता.”

हातातला कागद त्याने घडी करून खिशात घातला. “नंतर काढतो,” असं पुटपुटून तो वर गेला.

थोरलीने धाकटीला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसली. “कुठे लिहायचं?” धाकटीने दाखवलं. आता ही स्वतःचं नाव लिहील, अशी तिची अटकळ होती. थोरलीने दोन्ही तर्जन्या की-बोर्डवर धरल्या.

“इंग्रजीत ‘काम’ कसं लिहितात?”

“के, दोनदा ए, मग एम.”

थोरलीने एकेक अक्षर शोधून दाबलं. ए दोनदा दाबायचा तो तीनदा दाबला गेला, तो तिने विचारून पुसला. धाकटी मध्ये पडली नाही.

उरलेली दुपार सामान हलवण्यात गेली. जुन्या खात्यातले नकाशे नव्यात आणायचे, सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं, यंत्राची जोडणी पुन्हा करायची. सगळं झाल्यावर धाकटीने झाकणांची फाइल उघडली. आधी रस्ते आले, मग घरं, आणि मग पाखरं अंगणात उतरावीत तशी झाकणं एकेक करून आपापल्या जागी बसली. थोरली मागे उभी होती. तिने एका झाकणावर बोट ठेवलं. “इथे एक कुत्रं बसलं होतं. उठायला तयार नव्हतं.”

नकाशा शनिवारी मुकादमाला पोचला. सोमवारी रोलर फिरला. दोन झाकणं तरीही डांबराखाली गेलीच, कारण रोलरवाल्याने नकाशा घडी करून सीटखाली ठेवला होता. पण ती कुठे आहेत हे आता सांगता येत होतं, त्यामुळे तेवढीच जागा उकरावी लागली आणि मुकादमाने पुढचं कामही जावांनाच दिलं.

घुबडाने चूक शोधून काढली. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त होणार होती. पण असं पुन्हा होऊ नये म्हणून एक चाचणी लिहून ठेवायची होती: दर वेळी नवी आवृत्ती निघाली की आधी तुमच्या अक्षरांतल्या नावाचा एक फोल्डर उघडून पाहायचा. त्यासाठी तुमच्या जुन्या खात्याचंच नाव वापरू का, असं त्याने विचारलं. तुम्ही ते अजून कळवलेलंच नाही, आणि त्याचा अर्थही मला जाणून घ्यायला आवडेल.

धाकटीने ते थोरलीला समजावून सांगितलं. जगात कुठेही हे सॉफ्टवेअर नव्याने बनलं की ते आधी तो शब्द वाचून पाहणार, आणि वाचता आला तरच पुढे जाणार.

“कायमचं?” थोरलीने विचारलं.

“तसंच म्हणायचं.”

“मग तो नको. दुसरा दे.”

“जोडाक्षर असलेला हवाय त्याला. अवघड.”

थोरलीने खोलीभर नजर फिरवली. “मोजपट्टी लिही.”

धाकटीने लिहिलं, अर्थ कळवला. घुबडाने आभार मानले आणि मूळ शब्दाबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

त्यानंतर घरात फार काही बदललं असं नाही. थोरला अजूनही विनोद करायचा, फक्त खाली येताना जिन्यावरून आवाज द्यायला लागला. त्या कागदाची प्रत त्याने बाहेरूनच काढून आणली होती. थोरली मात्र मोजणी नसेल त्या दुपारी टेबलाशी बसायला लागली. आपण मोजून आणलेली झाडं आपणच नकाशावर उतरवून पाहायची. तिचा वेग गोगलगाईचा होता, आणि खुर्चीची उंची ती आपल्या मापाने करून ठेवायची, त्यामुळे धाकटीला रोज खुर्ची खाली-वर करावी लागायची.

“वहिनी, दुसरी खुर्ची घेऊ या का?” एकदा कंटाळून धाकटीने विचारलं.

“घेऊ,” थोरली पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “आधी मला हे झाड पुसायला शिकव. रस्त्याच्या मधोमध लागलंय.”