खापरातलं पाणी

धनजच्या जगदेवरावांच्या सुनेनं खारी मोजायचं काम अंगावर घेतलं, तेव्हा गावाला हसायला आयतंच निमित्त मिळालं. कारंज्याच्या काही निसर्गवेड्या मंडळींना स्वयंसेवक हवे होते. वैजयंतीनं नाव दिलं आणि रोज सकाळी संत्र्याच्या बागेत, कडुनिंबाखाली जाऊन बसू लागली.

"खारी मोजून कोणाचं पोट भरलं व?" जगदेवराव म्हणायचे. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. उन्हाळा लागला की ह्याच खारी ठिबकच्या नळ्या कुरतडायच्या, आणि म्हाताऱ्याचा जीव त्या नळ्यांत अडकलेला.

बसल्या बसल्या वैजयंतीच्या एक गोष्ट ध्यानात आली. नळी कुरतडली की खार तिथंच बसून पाणी चाटायची. "मामाजी, त्यायले तहान लागून राह्यली," ती म्हणाली. मग फुटक्या माठांची दोन खापरं तिनं झाडाखाली मांडली आणि पाण्यानं भरली. पहिले काही दिवस खारी जवळ फिरकेनात. ही बाई मात्र श्वास रोखून बसायची. शेवटी एक आली, शेपूट तुटलेली, तिचं नाव तिनं बांडी ठेवलं. बांडीमागून बाकीच्या आल्या. नळ्या वाचल्या, मोजणीही सोपी झाली.

आता हसणाऱ्या जगदेवरावांनाच मिशीला पीळ द्यावासा वाटू लागला. पारावर बसून ते येईल त्याला सांगायचे, "माह्या सुनेनं शिस्त लावली खारीयले! खापरात पाणी ठेवा, साऱ्या एका जागी येतात." सुनेचं कौतुक सासऱ्यानं करायचं नाही तर कोणी? पण ऐकणारा प्रत्येक जण कौतुकच ऐकतो असं नाही.

एका सकाळी कडुनिंबाखाली खारी फारच कमी आल्या. वैजयंतीनं वाट पाहिली, मग ती धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत गेली. पलीकडे शेजारच्या दौलतसिंगच्या बागेत नवं कोरं खापर होतं. त्याच्याभोवती खारी पडल्या होत्या, एकीचं तोंड अजून पाण्यात होतं. फवारणीच्या औषधाचा वास इथवर येत होता.

"काकाजी, हे काय केलं तुमी?"

दौलतसिंग काही राक्षस नव्हता. त्यानं तिच्या नजरेला नजर दिली नाही. "तुह्या बागेत पाणी पेतात अन् माह्या बागेत नळ्या खातात. किती जोडू मी? अन् युक्ती तं तुह्या मामाजीनंच सांगतली."

मागून आलेल्या जगदेवरावांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "दौलत, वतून दे बाबू ते," एवढंच ते म्हणाले. दौलतसिंगनं ओतलं. पण पारावर ऐकणारा तो एकटा थोडाच होता?

आणि मग वैजयंतीच्या काळजात लक्कन झालं. खापर दिसलं की पाणी समजायचं, भिऊ नये, जवळ यावं, हे ह्या मुक्या जिवांना शिकवलं कोणी? तिनंच शिकवलं होतं, रोज सकाळी, श्वास रोखून.

ती परत आली आणि दगड घेऊन तिनं एक खापर फोडलं. दुसऱ्यावर हात उगारला तोच कडुनिंबावरून बांडी उतरली. वाचली होती! वैजयंतीचे डोळे भरून आले, आणि तिनं ढेकूळ उचलून तिच्याकडे भिरकावलं. "हड! हड!"

"वैजू, त्या नळ्या खातीन आता," जगदेवराव म्हणाले.

"खाऊ द्या मामाजी. पण खापराले भ्यायले पाह्यजे त्यायनं."

म्हाताऱ्यानंही वाकून एक ढेकूळ उचललं.

बांडी खोडावर चढून दोघांकडे पाहत राहिली. तिला काही कळेना. जरा वेळानं ती पुन्हा खाली उतरली, पाण्याकडे, ओळखीच्या माणसाकडे, आणि वैजयंतीनं रडत रडत दुसरं ढेकूळ हातात घेतलं.